पाण्यालाही पांघरूण लागते

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की कॅराव्हॅनच्या तयारीला लागायचे, असा आमच्या घरचा गेल्या चार वर्षांचा परिपाठ आहे. नाशिकमधल्या म्हसरूळच्या शेडमध्ये पावसाळाभर ताडपत्रीखाली उभे असलेले हे बारा फुटी फिरते घर अंगणात ओढून आणायचे, धुऊन-पुसून दोन दिवस उन्हात सताड उघडे ठेवायचे आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्कॉर्पिओच्या मागे जोडून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेची वाट धरायची. मुक्कामाचे ठिकाण ठरलेले आहे: हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यातले सिस्सू. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि सिस्सू ३,१०० मीटरच्या आसपास. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले, तेव्हापासून मनालीहून तिथे जाण्यासाठी रोहतांगची खिंड चढावी लागत नाही, आणि म्हणूनच मागे ट्रेलर जोडून त्या खोऱ्यात उतरण्याचा विचार आमच्यासारख्यांना करता येतो. बर्फ पडू लागला की मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे फोर बाय फोर वाहनांनाच सोडतात, आणि ट्रेलर घेऊन त्या दिवसांत तिथे जाण्यात शहाणपणही नाही. म्हणून रस्ते कोरडे असतात पण रात्री शून्याच्या बऱ्याच खाली जातात, असे बर्फाआधीचे दहा-पंधरा दिवस आम्ही निवडतो.

यंदा आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी कॅराव्हॅन घेतली आहे आणि दोघांनाही थंडीत हिमाचल गाठायचे आहे. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्याने सांगत होतो, ते एकत्र लिहून ठेवावे असे वाटले. भेटणारा प्रत्येक जण पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतो: एवढ्या थंडीत झोपता कसे? झोपेची काळजी मला पहिल्या वर्षीसुद्धा नव्हती. माणसाच्या अंगात स्वतःची ऊब असते; चांगली स्लीपिंग बॅग आणि वर आईच्या हातची गोधडी असली की ती ऊब अंगाशीच राहते. पाण्याला मात्र स्वतःची ऊब नसते. टाकीत, पंपात, नळाच्या बाकात, गिझरच्या पोटात जिथे म्हणून ते थांबलेले असेल, तिथे ते मुकाट्याने गार होत जाते आणि पहाटेच्या सुमाराला गोठते. शून्याखालच्या मुक्कामाची तयारी म्हणजे नव्वद टक्के पाण्याचा बंदोबस्त, हे माझे ठाम मत आहे, आणि ते मला नुकसान सोसून बनवावे लागले.

पहिल्या वर्षी सिस्सूला तिसऱ्या दिवशी आम्ही केलाँग पाहायला गेलो आणि तिथेच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतलो. कॅराव्हॅनमध्ये कुणी नव्हते म्हणून हीटर बंद होता. परत आल्यावर सगळे जसेच्या तसे दिसत होते. नळाला पाणी येत नव्हते, पण ते अपेक्षितच होते; हीटर लावला, चहाला किटली ठेवली आणि पाइपातला बर्फ वितळून पाइप सुटण्याची वाट पाहत बसलो. तासाभराने पलंगाखालून टपटप आवाज येऊ लागला. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक प्लास्टिकचा एक छोटा पेला असतो, टाकीतला कचरा पंपात जाऊ नये म्हणून त्यात जाळी बसवलेली असते. त्या पेल्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. आत बर्फ होता तोवर त्या बर्फानेच चीर बुजवून धरली होती. बर्फ वितळला तसे पाणी बाहेर आले आणि पंप सुरू असल्यामुळे टाकी पलंगाखाली रिकामी होऊ लागली. गोठण्याचे नुकसान हे असे उशिरा कळते, म्हणून पाइप सुटेपर्यंत पंपाचे बटण बंद ठेवायचे आणि सुटल्यावर प्रत्येक सांध्याला कोरडा हात लावून पाहायचा, हा नियम आम्ही त्या दिवसापासून पाळतो.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. ही गोष्ट शाळेत सगळेच शिकतात, पण पाइपाच्या बाबतीत तिचा अर्थ काय होतो ते मला डोळ्यांनी पाहायचे होते. परत आल्यावर मी आमच्या गल्लीतल्या आईस्क्रीमच्या दुकानदारांना विनंती केली आणि त्यांच्या डीप फ्रीझरमध्ये एका कोपऱ्यात तीन वस्तू एक रात्र ठेवल्या: दोन्ही टोके बंद करून पाण्याने भरलेला सीपीव्हीसी या कडक प्लास्टिकच्या पाइपचा वीतभर तुकडा, तसाच पेक्स या लवचीक प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा आणि पाणी भरून बंद केलेला अर्ध्या इंचाचा पितळी बॉल व्हॉल्व्ह. सकाळी सीपीव्हीसीचा तुकडा उभा तडकला होता आणि त्या चिरेतून आतली बर्फाची कांडी स्पष्ट दिसत होती. पेक्सचा तुकडा मधोमध किंचित फुगला होता, पण वितळल्यावर पुन्हा पूर्ववत झाला. व्हॉल्व्हला बाहेरून काहीच झालेले दिसत नव्हते. तो नळाला जोडून पाणी सोडले, तेव्हा मात्र त्याच्या पोटावर घाम फुटावा तसे बारीक थेंब उभे राहिले. पितळेला केसासारखी भेग गेली होती. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडा असला, तरी त्यातल्या गोळ्याच्या आजूबाजूला थोडे पाणी अडकून राहते. म्हणून पाणी काढून टाकल्यावर असे सगळे व्हॉल्व्ह अर्धवट, म्हणजे दांडी तिरकी ठेवून सोडायचे, म्हणजे अडकलेले पाणी निघून जाते.

या प्रयोगानंतर मी कॅराव्हॅनचे सगळे पाइप पेक्सचे करून घेतले. पण पेक्स वाचला तरी त्याच्या दोन टोकांना जोडलेली पितळी सामग्री, नळाचा खोका, पंप आणि गिझर वाचत नाहीत. त्यामुळे पाइप बदलून काम संपत नाही, पाणी उबेत आणावे लागते. आमची ताजी पाण्याची टाकी पूर्वी चॅसिसखाली लटकलेली होती. ती आता आत, बाकाखाली आहे. पंप पलंगाखालच्या कप्प्यात आहे आणि हीटरच्या गरम हवेची एक नळी मुद्दाम त्या कप्प्यात सोडलेली आहे. पाइप शक्य तिथे बाहेरच्या भिंतीपासून सोडवून आतल्या बाजूने फिरवले. जिथे तसे करता आले नाही, तिथे काळ्या नायट्राइल रबराच्या नळ्या चढवल्या. एसीच्या तांब्याच्या पाइपवर असतात त्याच. एवढे लक्षात ठेवावे की हे वेष्टन ऊब निर्माण करत नाही, आहे ती थोडी जास्त वेळ टिकवते. ज्या कोपऱ्यात गरम हवा पोहोचतच नाही, तिथे कितीही जाड वेष्टन घातले तरी पहाटेपर्यंत पाइप गारठणारच.

टाकी अर्धी भरून ठेवण्याचा मोह मला वजनामुळे व्हायचा. तो मोह माझ्या सासऱ्यांनी घालवला. निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. जानेवारीत तिथले तापमान एकदम उतरते तेव्हा द्राक्षमण्यांना तडे जाण्याची भीती असते, म्हणून शेतकरी पहाटे ओळींमध्ये शेकोट्या पेटवतात आणि बागेला पाणी सोडतात. एका रात्री मी त्यांच्याबरोबर बागेत होतो. एवढ्या थंडीत पाणी कशाला, असे विचारल्यावर ते म्हणाले, "पाव्हणं, इहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतंय. ते जमिनीवर पसरलं की आपली ऊब बागेला देतंय. जितकं जास्त पाणी, तितकी ऊब जास्त येळ पुरती." टाकीचेही तसेच आहे. एक लिटर पाणी ८० अंशांवरून शून्यावर येताना जितकी उष्णता बाहेर टाकते, तितकीच उष्णता ते शून्यावर राहून केवळ गोठताना टाकते. म्हणून ८० लिटरची काठोकाठ भरलेली टाकी गोठायला इतका वेळ लागतो की मधे दिवस उगवतो आणि ऊन येते. तळाशी उरलेले दहा लिटर मात्र एका रात्रीत दगड होतात. मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्याबरोबर आम्ही टाकी पूर्ण भरतो, भरणीचा होज लगेच काढून उतारावर धरून रिकामा करतो आणि गुंडाळून आत ठेवतो. रात्रभर नळाला जोडून ठेवलेला होज सकाळी काठीसारखा ताठ झालेला मिळतो, आणि वाकवायला गेले की तडकतो.

सांडपाण्याच्या बाबतीत नवीन माणूस हमखास एक चूक करतो. सिंकचे पाणी टाकीत साठू नये म्हणून तो खालचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतो आणि नळी जमिनीवरच्या खड्ड्यात सोडतो. भांडी धुताना पाण्याची बारीक धार त्या नळीतून जाते, वाटेतच गोठते, तिच्यावर पुढची धार गोठते आणि संध्याकाळपर्यंत नळी गच्च बंद होते. त्यापेक्षा व्हॉल्व्ह बंद ठेवून पाणी साठू द्यावे, टाकीत थोडे गोठणरोधक घालावे आणि दोन दिवसांनी दुपारच्या उन्हात एकदम रिकामे करावे. गोठणरोधक कोणते, याबाबत अतिशय काटेकोर असावे. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात त्या कूलंटमध्ये बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असते. ते विषारी असून चवीला गोड असल्यामुळे जनावरे ते चाटतात. आपल्याला हवे ते प्रॉपिलीन ग्लायकॉल, खाद्यपदार्थांत चालणाऱ्या दर्जाचे, आणि तेही शौचालयाच्या टाकीत, सांडपाण्याच्या टाकीत आणि सिंकच्या खालच्या बाकात. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत मी तेसुद्धा घालत नाही.

आता भिंतींविषयी. नाशिकमध्ये राहण्याचा एक मोठा फायदा असा की इथे द्राक्षांसाठी शीतगृहे आहेत आणि शीतगृहे आहेत म्हणून पफ पॅनेल, म्हणजे आत पॉलियुरेथेनचा फोम भरलेले तक्ते, बसवणारे कसबी कारागीर आहेत. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ज्या मिस्त्रींनी आमच्या कॅराव्हॅनचे काम केले, त्यांची उभी हयात शीतगृहांत गेलेली. पहिल्यांदा त्यांना काम समजावून सांगितले, तेव्हा ते भिंतीवर टिचकी मारून म्हणाले, "साहेब, म्हणजे शीतगृहच बांधायचं, फक्त उलटं. तिथं गारवा आत कोंडायचा, इथं बाहेर ठेवायचा. पॅनेल तेच, भानगड सगळी सांध्यांची." त्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. भिंतीत ४० मिलिमीटरचा पफ होता, तरीही पहिल्या वर्षी सिस्सूला पहाटे टॉर्च फिरवला तेव्हा छताच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक पांढरा दाणा दिसला. रात्री आमच्या श्वासातली वाफ त्या गार लोखंडावर जमली होती आणि थेंब थेंब गोठली होती. ओळीने बसलेल्या त्या दाण्यांवरून आतली लोखंडी चौकट कुठून कुठे जाते, हे नकाशा काढावा इतके स्पष्ट कळत होते. लोखंड थंडीला आत येण्याची वाट करून देते आणि दोन कांबींमध्ये पफ कितीही चांगला असला तरी कांबीच्या जागी त्याचा उपयोग शून्य. मिस्त्रींनी मग चौकटीवर आतून दहा मिलिमीटरच्या एक्सएलपीई फोमची (पॉलिथिनच्या स्पंजासारख्या थराची) पट्टी चिकटवली, तिच्यावर लाकडी पट्ट्या बसवल्या आणि आतले प्लायवूड लोखंडाला न भिडता त्या लाकडाला ठोकले. त्यानंतर दाणे दिसले नाहीत.

खिडक्यांना आम्ही ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या फोमचे मापात कापलेले तुकडे आतून बसवतो आणि दारावर जुनी गोधडी टांगतो. खालून येणारा वारा अडवण्यासाठी कॅराव्हॅनच्या भोवती जमिनीपर्यंत ताडपत्रीचा घेर लावतो. तो दगडांनी दाबून ठेवावा लागतो, नाहीतर चंद्रा नदीवरून येणारा वारा पहिल्याच रात्री तो फडफडवून फाडतो. मात्र हीटरच्या धुराची नळी त्या घेराच्या बाहेर निघाली पाहिजे. ती घेराच्या आत सुटली, तर धूर खाली कोंडून फटींमधून आत येईल.

थंडीइतकाच त्रास ओल देते, आणि ती बाहेरून येत नाही, आपणच तयार करतो. दोन माणसे एका बंद खोलीत रात्रभर झोपली की त्यांच्या श्वासातून आणि अंगातून बरेच पाणी हवेत मिसळते. त्यात भर पडते स्वयंपाकाच्या गॅसची. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते, वर भाताची आणि चहाची वाफ वेगळी. पहिल्या सहलीत चौथ्या दिवशी पत्नीने गादी उचलली, तेव्हा खालचे प्लायवूड ओले होते आणि गादीच्या पाठीवर बुरशीचे काळे ठिपके उठू लागले होते. आता गादीखाली फळ्यांची जाळी आणि तिच्यावर काथ्याची चटई आहे, गादी भिंतीपासून दोन बोटे दूर असते, आणि रोज दुपारी ती उभी करून ठेवतो. स्वयंपाक करताना छताची खिडकी उघडतो, भांड्यावर झाकण ठेवतो आणि ओले कपडे आत वाळत घालत नाही.

छताची ती खिडकी रात्रीही दोन बोटे उघडी असते आणि दाराजवळ खाली दुसरी जाळीची फट कायम मोकळी असते. यावरून आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांशी माझा वाद झालेला आहे. त्यांनी प्रेमापोटी, मुलांना थंडी वाजू नये म्हणून, त्या खालच्या फटीत टॉवेल कोंबला होता. तो मी काढला आणि त्यांना वाईट वाटले तरी पुन्हा कोंबू दिला नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेले माणूस बाहेर आले नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो. त्यामागे असतो कार्बन मोनॉक्साइड: रंग नाही, वास नाही, आणि डोके जड होईपर्यंत माणसाचे भान हरपू लागलेले असते. सिस्सूच्या उंचीवर हवा नाशिकपेक्षा पाव हिश्श्याहून अधिक विरळ असते, म्हणजे ज्योतीला प्राणवायू आधीच कमी मिळतो आणि अर्धवट जळणाचा धोका वाढतो. म्हणून कॅराव्हॅनमध्ये ऊब मिळवण्यासाठी गॅसची शेगडी पेटवून ठेवू नये आणि कोळशाची अंगीठी तर दाराच्या आत आणूच नये. उशाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि जमिनीलगत गॅसगळतीचा अलार्म, अशी दोन यंत्रे आमच्याकडे आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचा अलार्म खालीच हवा. निघण्यापूर्वी दोन्हींचे सेल नवे घालतो. बाकी कुठे काटकसर करायची असेल तर करावी, या दोन यंत्रांत करू नये.

उबेसाठी आम्ही डिझेलवर चालणारा एअर हीटर बसवला आहे. तो जळणासाठी हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो आणि आतली हवा केवळ गरम पत्र्यावरून फिरवून परत देतो, म्हणून तो मला सुरक्षित वाटतो. दोन किलोवॅटच्या हीटरला रात्रभरात दीड-दोन लिटर डिझेल लागते. विरळ हवेत डिझेल जास्त आणि हवा कमी अशी स्थिती होऊन त्यात काजळी धरते, त्यामुळे उंचीप्रमाणे पुरवठा कमी करण्याची सोय असलेलाच हीटर घ्यावा आणि तो बराच वेळ अगदी मंद न चालवता दिवसातून एकदा पूर्ण वेगाने चालवावा.

त्या डिझेलचीही एक गोष्ट आहे. डिसेंबरात आपल्याकडे खोबरेल तेलाची बाटली पांढरी होते आणि आई ती उन्हात नेऊन ठेवते. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात, तेही थंडीत असेच धरू लागतात आणि गाळणी तुंबते. भारतीय मानकात गाळणी तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळी डिझेलसाठी ६ अंश आणि उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश आहे. पंपावरचे डिझेल त्याहून गार हवेतही वाहू शकते, पण वाहीलच अशी हमी कुणी दिलेली नाही. लडाखसारख्या भागाची हीच अडचण ओळखून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल तिथे आणले. आम्ही गाडीची टाकी नाशिकहून निघताना भरतो, पण ती वाटेत संपत आणतो आणि शेवटची भरणी डोंगरात पोहोचल्यावर करतो. मेण धरू नये म्हणून घालायचे द्रावण त्याच वेळी, डिझेल अजून पातळ असताना घालतो. एकदा मेण धरले की त्याचा उपयोग होत नाही. हीटरची वेगळी दहा लिटरची टाकी बाहेरच्या वाऱ्यापासून आडोशाला आहे.

गॅस सिलिंडरबाबत माहीत असावे ते एवढेच की एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो, ब्युटेन मात्र उणे अर्ध्या अंशालाच थांबतो. म्हणून कडाक्याच्या थंडीत भरलेला सिलिंडर बरा चालतो आणि अर्ध्यावर आला की ज्योत लुकलुकू लागते. प्रोपेन आधी निघून गेलेला असतो, तळाशी गॅस दिसतो पण वर येत नाही. आम्ही ५ किलोचे दोन सिलिंडर नेतो आणि सकाळी गरज पडली तर एक कोमट पाण्याच्या घमेल्यात उभा करतो. उकळते पाणी नाही आणि जाळ तर मुळीच नाही. सिलिंडरचा कप्पा बाहेरून उघडणारा, आतल्या खोलीपासून पूर्ण बंद आणि तळाला भोके असलेला आहे, म्हणजे गळलेला गॅस खाली निघून जातो.

बॅटरीसाठी मी दोन वर्षांपूर्वी लिथियम आयर्न फॉस्फेटकडे वळलो. ती थंडीत वीज देते, पण शून्याखाली असताना तिला चार्ज करू नये; तसे केले तर आत लिथियमचा धातू साचतो आणि क्षमता कायमची जाते. सकाळी सोलर पॅनेलवर ऊन पडते तेव्हा बॅटरी नेमकी सर्वांत गार असते, म्हणून ती पंपाच्याच उबदार कप्प्यात ठेवली आहे आणि गारठ्यात चार्जिंग आपोआप तोडणारी सोय तिच्यात आहे. ज्यांच्याकडे लेड-ॲसिड बॅटरी आहे त्यांनी ती कधीही उतरू देऊ नये. पूर्ण चार्ज असताना तिच्यातले द्रावण उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे १० अंश गाठण्याआधीच गोठून फुटू शकते. सिस्सूला दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे ऊन उशिरा येते आणि लवकर जाते, तेव्हा नाशिकच्या छतावर सोलरने जितकी वीज दिली तितकी तिथे मिळेल, असा हिशेब धरू नये.

चाकांची हवा तापमान दर १० अंशांनी उतरले की दीड-दोन पीएसआयने कमी होते, म्हणून ती मुक्कामी पोहोचल्यावर सकाळी पुन्हा तपासतो. ट्रेलर उभा करताना हँडब्रेक ओढून ठेवत नाही, कारण ओले ब्रेक रात्रीत जखडतात. चाकांना लाकडी ठोकळे लावतो. चाकांखाली आणि जॅकच्या पायांखाली फळ्या घालतो, नाहीतर चिखल गोठून ते जमिनीला धरून बसतात.

परतीच्या प्रवासात थंडीचा पट्टा ओलांडेपर्यंत सगळे पाणी काढलेलेच असते: टाकी, गिझर, दोन्ही नळ उघडे, पंप काही क्षण कोरडा चालवून बंद, पंपाच्या तोंडचा पेला खोलून पुसलेला, आणि मग छोट्या कॉम्प्रेसरने ३० पीएसआयच्या आत हवा मारून प्रत्येक नळातून शेवटचा फवारा येईपर्यंत थांबणे. गरम आणि गार अशा दोन्ही बाजू वेगवेगळ्या फुंकाव्या लागतात. सर्वांत शेवटी व्हॉल्व्हच्या दांड्या तिरक्या.

यंदा एवढीच भर घातली आहे की पलंगाखालच्या कप्प्यात, पंपाला लागून, तापमापकाचा सेन्सर बसवला आहे आणि त्याचा आकडा आमच्या उशाशी दिसतो. गेल्या वर्षी साधा तापमापक तिथे ठेवून पाहिला होता. पहाटे पाचला बाहेर उणे ११ होते, खोलीत ९ आणि पंपापाशी ३. पत्नीने ठरवून टाकले आहे की उशाशी २ दिसले की ज्याला आधी जाग येईल त्याने उठून पलंगाखालचे फळकूट उघडायचे आणि खोलीतली ऊब पंपाकडे जाऊ द्यायची, मग आपल्याला एक गोधडी जास्त लागली तरी चालेल.